ज्याचा कोरा खोटा, त्याचा आकडा मोठा

बाळा,

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, पाठीतल्या पाण्यातलं तांबं, जस्त आणि शिसं मोजायचं काम मिळालंय, आणि यंत्र एकदम भारी आहे!" यंत्राचं कौतुक ऐकून मला माझी पहिली तीन वर्षं आठवली. यंत्र माझंही भारी होतं गं. माती खाल्ली ती मी.

तू शिकलेली आहेस, तरी तुझी ही विद्या मला भिशीच्या भाषेत मांडू दे. पाण्यातला धातू थोडा थोडा करून इलेक्ट्रोडवर जमा करायचा, म्हणजे महिनाभराची वर्गणी. मग व्होल्टेज उलट्या दिशेनं सरकवत तो सगळा परत पाण्यात सोडायचा, म्हणजे उचल. उचलीच्या वेळी जी वीज वाहते तिचं शिखर आपण मोजतो. सिल्व्हर-क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत जस्त साधारण उणे १ व्होल्टला निघतं, कॅडमियम उणे ०.६ च्या आसपास, शिसं उणे ०.४ ला आणि तांबं शून्याच्या जवळ. हे झालं स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीचं सगळं शास्त्र. उरलेलं सगळं घरकाम आहे, आणि पुढचे कानमंत्र त्याच घरकामाचे.

एक गोष्ट मनात धर. मेंदू-मणक्याभोवती मिळून पाणी असतं जेमतेम १५० मिलिलिटर. तुझ्या वाट्याला त्यातलं चमचाभरही येत नाही. त्यात तांबं लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम, शिसं बहुधा एकाच्याही खाली. तुझ्या खोलीत, तुझ्या बोटांवर, तुझ्या पर्समध्ये याहून कितीतरी जास्त आहे. धातू मोजणं सोपं. स्वतःला त्यात न मिसळणं अवघड.

नळीत थेंब पडायच्या आधी

१. तुझ्या धुतलेल्या नळ्या आदल्या दिवशी वॉर्डात स्वतः नेऊन दे आणि सिस्टरांशी दोन शब्द बोलून ये – सकाळच्या धावपळीत हाताला लागेल ती नळी वापरली जाते, आणि तिच्या रबरी बुचातलं जस्त तुझ्या नशिबी येतं.

२. पहिल्या नळीचा हट्ट धरू नकोस, ती बाकीच्या तपासण्यांना जाऊ दे – सुई शिरताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली तर तिचं रक्त पहिल्या थेंबांतच उतरतं, आणि सुईच्या पोलादाचा अंशही.

३. रक्ताचा हिशोब एकदा कागदावर कर: एक मिलिलिटर पाण्यात साबुदाण्याएवढं, म्हणजे दहा मायक्रोलिटर रक्त मिसळलं, की पंधराचं तांबं पंचविसावर जातं – रक्तात तांबं लिटरला हजार मायक्रोग्रॅमच्या घरात असतं. साबुदाणा एक, उपास सगळ्यांचा मोडला.

४. पाणी नितळ दिसलं तरी लाल पेशींचा आकडा रिपोर्टातून मागून घे, आणि नमुना लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव – डोळ्याला लाली दिसेपर्यंत पेशी शेकड्यांनी झालेल्या असतात, आणि त्या फुटल्या की आतलं जस्त-शिसं परत वेगळं काढता येत नाही.

५. नमुना आल्या आल्या छोट्या हिश्श्यांत वाटून मग गोठव – एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की प्रथिनं खाली बसतात आणि जाताना धातूलाही हाताला धरून नेतात.

६. एकूण तांबं हवं की मोकळं तांबं, हे नमुना येण्याआधी ठरव – तांबं इथे सेरुलोप्लाझ्मिन, अल्ब्युमिन आणि अमिनो आम्लांच्या मांडीवर बसलेलं असतं. आम्ल घातलंस की मांडीवरची सगळी पोरं खाली उतरतात, मग कोण कुणाचं होतं ते कळायची सोय राहत नाही.

७. मोकळं मोजायचं ठरलं तर उशीर करू नकोस – उघड्यावर राहिलेल्या पाठीतल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तू मोजतेस ते शरीरातलं पाणीच राहत नाही.

धुणीभांडी

८. काचेचं भांडं कितीही चकचकीत असो, त्याला नमस्कार करून कपाटात ठेव आणि पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉन वापर – काच स्वतःचे धातू सोडते, आणि तुझे चिकटवून घेते.

९. नवीन नळीसुद्धा दहा टक्के नायट्रिक आम्लात दोन दिवस बुडवून ठेव – "नवीन" म्हणजे कारखान्यातल्या साच्याला नुकतीच लागलेली, एवढाच त्याचा अर्थ.

१०. मग अतिशुद्ध पाण्यानं तीनदा विसळ, मोजून तीनदा – पहिलं पाणी रीतीचं, दुसरं भीतीचं, तिसरं प्रीतीचं. कंटाळा नेहमी तिसऱ्यालाच येतो.

११. धुतलेलं भांडं पुसू नकोस, निथळू दे आणि दोन पिशव्यांत, एकीत एक, ठेव – कागदी रुमालाला जस्त असतं, आणि बाहेरची पिशवी ज्या हातानं उघडशील त्याच हातानं आतली उघडायची नसते.

१२. पिपेटच्या पिवळ्या-निळ्या टिपा सोड, बिनरंगाच्या घे, आणि वापरण्याआधी त्यांतून पातळ आम्ल दोनदा ओढून टाकून दे – प्लास्टिकचा रंगही कुठल्यातरी धातूवर पोसलेला असू शकतो.

१३. शुद्ध आम्लाच्या बाटलीत पिपेट कधी बुडवू नकोस. लागेल तेवढं छोट्या भांड्यात ओतून घे आणि उरलेलं फेकून दे – आम्ल महाग आहे, पण वाया गेलेला नमुना त्याहून महाग. विहिरीत पोहरा एकाचा, पाणी सगळ्यांचं.

१४. बफरवर विश्वास ठेवू नकोस, ॲसिटेटवर तर मुळीच नाही – त्यात जस्त येतंच. रात्रभर पाऱ्याच्या थरावर उणे व्होल्टेज लावून ठेवलंस की सकाळी बफर माणसात आलेला असतो.

तुझे हात, तुझी हवा

१५. पावडर नसलेले हातमोजे घे – माझं जस्त तीन महिने चढत गेलं, मी रोग्यांमध्ये कारण शोधत बसले, आणि चोर निघाला माझ्याच बोटांवरच्या पांढऱ्या भुकटीत.

१६. शनिवारी मारुतीला जाऊन आलीस तर प्रयोगशाळेत शिरण्याआधी हात कोपरापर्यंत धू – पारंपरिक शेंदूर म्हणजे शिश्याचं ऑक्साइडच. देव पावेल, पण शिश्याचं शिखर आकाशाला लागेल.

१७. उन्हाची क्रीम, कॅलामाइन, अंगाची पावडर त्या दिवशी घरीच राहू दे – यांतल्या बऱ्याच गोष्टींत जस्ताचं ऑक्साइड असतं. सुंदर दिसायचं तर रविवारी दिस.

१८. पारा वापरणार असशील तर अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं आधी काढून ठेव – पारा सोन्याला जिवलग मैत्रिणीसारखा बिलगतो. माझी साखरपुड्याची अंगठी एका दुपारीत पांढरी झाली, आणि तुझ्या काकांना मी आठवडाभर "पॉलिशला दिलीय" सांगत होते.

१९. पंखा बंद, झाडू बंद, आणि नळ्या उघडायच्या त्या छोट्या ॲक्रिलिकच्या पेटीत – क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं, पण त्याआधी कित्येक वर्षं तो आपल्याच खोलीतल्या शिश्याच्या धुळीशी भांडत होता. त्यानं खोली धुतली, तेव्हा पृथ्वी बोलली.

२०. किल्ल्या, नाणी, पितळी नळ यांना हात लावलास की हातमोजे बदल – पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, तुझे दोन आरोपी एकाच पोशाखात.

नमुना पचवताना

२१. एकूण धातू हवा असेल तर कच्चा नमुना सेलमध्ये घालू नकोस – पाठीतल्या पाण्यात प्रथिनं रक्ताच्या मानानं फार कमी, तरी इलेक्ट्रोडवर साय धरायला पुरेशी असतात, आणि सायीखालचं दूध कुणाला दिसत नाही.

२२. जमेल तिथे अतिनील दिव्याखाली, थोडं आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पचव – बाहेरून कमी घालायचं, कमी मिसळायचं. पाहुणे थोडे तर खरकटंही थोडं.

२३. परक्लोरिक आम्ल वापरायचंच असेल तर आधी नायट्रिकनं सेंद्रिय भाग जाळून घे, त्याच्यासाठी राखलेल्या धुराड्यातच काम कर आणि कोरडं होईपर्यंत कधी तापवू नकोस – ते चिडलं तर स्फोटानंच बोलतं. या मुद्द्यावर आत्या थट्टा करत नाही.

२४. अर्धा मिलिलिटर नमुना दहा मिलिलिटरपर्यंत वाढवून मोजायला घाबरू नकोस – तांबं पाऊण मायक्रोग्रॅमवर उतरलं तरी दोन-तीन मिनिटांच्या जमेत ते आरामात दिसतं, आणि उरलेला नमुना उद्याच्या चुकीसाठी शिल्लक राहतो.

२५. प्रत्येक खेपेला एक कोरी नळी सोबत पचव, तेच आम्ल, तोच वेळ, तोच दिवा, फक्त नमुना नाही – कोरी नळी म्हणजे घरातलं लहान मूल, पाहुण्यांसमोर घरचं सगळं सांगून टाकतं.

इलेक्ट्रोडचा स्वभाव

२६. काचेसारख्या कार्बनचा इलेक्ट्रोड रोज सकाळी ओल्या कापडावर बारीक ॲल्युमिनानं, इंग्रजी आठाच्या आकारात घास – एकाच दिशेनं घासलंस तर चरे पडतात, आणि चऱ्यात कालचा धातू लपून बसतो.

२७. शिसं, कॅडमियम, जस्त यांच्यासाठी बिस्मथचा थर चालतो, २००० साली जोसेफ वँग यांच्या गटानं तो मांडला आणि पाऱ्याची भीती बरीच कमी झाली. पण तांब्यासाठी पारा किंवा सोनंच घे – बिस्मथ आणि तांबं जवळजवळ एकाच व्होल्टला निघतात, आणि दोघं एकाच दारातून बाहेर पडले तर मोजणार कुणाला?

२८. जस्त आणि तांबं एकाच जमेत कधी मोजू नकोस – पाऱ्यात ते दोघं लग्न लावून बसतात, मग जस्ताचं शिखर खचतं आणि तांब्याचं फुगतं. तांबं मोजताना जमेचं व्होल्टेज उणे ०.६ पाशीच थांबव म्हणजे जस्त मांडवात येतच नाही. जस्त मोजताना थोडं गॅलियम घाल, ते तांब्याला आपल्याकडे ओढून ठेवतं.

२९. शिश्याचं शिखर अचानक रुंद झालं तर कथिलाचा संशय घे – क्लोराइडमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून निघतात. घरी कल्हईच्या भांड्यात चिंच शिजवून आलेल्या हातांनी मी हा धडा शिकले.

३०. जस्तासाठी पीएच साडेचारच्या आसपास आण – फार आम्ल असलं तर उणे १.२ व्होल्टला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पाऱ्याचा थर सोलून काढतात.

३१. संदर्भ इलेक्ट्रोडला दुहेरी जोड लाव आणि आतलं द्रावण दर आठवड्याला बघ – तो गळला तर शिखरं हळूहळू सरकतात, आणि सरकलेल्या शिखराला तू नवा धातू समजून पेढे वाटशील.

भिशी भरताना आणि उचलताना

३२. दहा मिनिटं नायट्रोजन सोड, आणि मोजताना नळी द्रावणातून वर घेऊन फक्त पृष्ठभागावर फिरव – ऑक्सिजनही त्याच व्होल्टेजच्या टप्प्यात नाचतो. आत बुडबुडे सोडत राहिलीस तर नाचणारे दोन होतात.

३३. ढवळण्याचा वेग, जमेचा वेळ आणि खोलीचं तापमान दिवसभर एकच ठेव – इलेक्ट्रोडवर येतो तो धातूचा अगदी थोडा वाटा. वर्गणी कमीजास्त झाली की उचलही खोटी.

३४. ढवळणं थांबवल्यावर पंधरा सेकंद गप्प बस – घाईनं काढलेलं शिखर वाकडंच निघतं. आमटीही गॅस बंद केल्यावर निवांत मुरू देतो ना?

३५. जमेचा वेळ दुप्पट करून बघ, शिखर दुप्पट व्हायला हवं – झालं नाही तर थर भरून गेलाय किंवा साय धरलीय. दोन्हीवर औषध एकच, कमी वेळ आणि ताजा इलेक्ट्रोड.

३६. बाहेरच्या साध्या पाण्यातल्या प्रमाणित रेषेवर नमुना वाचू नकोस, प्रत्येक नमुन्यातच मोजकं प्रमाणित द्रावण तीनदा घालून वाच – मीठ, अमिनो आम्लं, उरलेली प्रथिनं प्रत्येकाची वेगळी. प्रत्येक घराला आपलं माप.

३७. घालायचं ते फार थोडं घाल, दहा-वीस मायक्रोलिटर, आणि पहिल्या खेपेला शिखर साधारण दुप्पट होईल इतकं – कमी घातलं तर गोंगाटात हरवतं, जास्त घातलं तर मूळचा नमुनाच ओळखू येत नाही.

३८. नमुन्यानंतर परत एकदा प्रमाणित द्रावण चालव – शिखर सकाळपेक्षा बुटकं निघालं तर मधले सगळे आकडे संशयित, कितीही गोड दिसत असले तरी.

आकडा लिहिताना

३९. कोऱ्या नळ्या एक नाही, सात-आठ मोज, आणि त्यांच्यात चढउतार किती आहे ते लिहून ठेव – ज्याचा कोरा खोटा, त्याचा आकडा मोठा.

४०. काहीच दिसलं नाही तर "शून्य" लिहू नकोस, "शोधमर्यादेच्या खाली" लिही आणि मर्यादा किती तेही – न दिसणं आणि नसणं यांत रोग्याचा जीव बसतो.

४१. माहीत असलेला धातू मुद्दाम घालून परत किती मिळतो ते बघ. रक्तरसाचा प्रमाणित नमुना असेल तर पाठीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत विरळ करून घे – मोठ्या वजनावर खरा असलेला तराजू गुंजेवरही खरा असतो असं नाही.

४२. उरलेल्या नमुन्यांचं एक मिश्रण करून छोट्या नळ्यांत गोठव आणि रोज एक चालव – यंत्र बिघडलं की तुझा हात, हे त्या नळीशिवाय कुणी खरं सांगणार नाही.

४३. वही शाईनं आणि त्याच क्षणी लिही – प्रागच्या यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी १० फेब्रुवारी १९२२ ला पडत्या पाऱ्याच्या थेंबावर जे टिपलं, त्यातून पोलॅरोग्राफी उभी राहिली आणि १९५९ साली त्यांना नोबेल मिळालं. स्मरणशक्तीला नोबेल देत नाहीत.

४४. थोडे नमुने आयसीपी-मासवाल्या मैत्रिणीकडे पाठव, आणि आकडे जुळले नाहीत तर रुसू नकोस – तिचं यंत्र सगळंच तांबं बघतं, तुझं पद्धतीप्रमाणे मोकळं किंवा एकूण. भांडणातूनच कधी कधी नवी गोष्ट कळते.

४५. विल्सनच्या आजारात, जो किनिअर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिला, मेंदूवर परिणाम झालेल्यांच्या पाठीतल्या पाण्यात तांबं चढलेलं आढळतं आणि उपचार लागू पडले की हळूहळू उतरतं. पण निदान मात्र डोळ्यातलं वलय, लघवीतलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन आणि जनुक बघून करतात – तुझा आकडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदारानं फक्त खरं बोलायचं.

जीव सांभाळ

४६. प्रत्येक नमुना जंतूंनी भरलेला आहे असं समजूनच हाताळ, आणि कावीळ ब ची लस आधी घेऊन टाक – नळीवर "स्वच्छ" असं कधी लिहिलेलं नसतं, आणि आम्ही काही तुला चमचाभर पाण्यासाठी वाढवलेलं नाही.

४७. पारा सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम घेऊन धावू नकोस, खिडक्या उघड, थेंब कागदानं गोळा कर आणि फटीत गंधकाची भुकटी टाक – झाडूनं त्याची शंभर पिल्लं होतात, आणि ती वर्षानुवर्षं तुझ्याच श्वासात राहतात.

४८. एकदा, कामाच्या पहिल्या महिन्यातच, परवानगी घेऊन वॉर्डात जा आणि पाठीतून पाणी काढताना बघ – गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीला लावून कुशीवर पडलेलं ते माणूस आणि एक एक करत नळीत पडणारे थेंब पाहिलेस, की तिसऱ्या पाण्याचा कंटाळा तुला आपोआप सोडून जाईल.

तर बाळा, एवढंच. यातल्या निम्म्या चुका तू करशील हे मला माहीत आहे, मीही केल्या. फक्त एक कर: चूक झाली की रात्री फोन कर, आणि माझ्याशी बोलायच्या आधी त्या दिवसाची कोरी नळी किती आली ते सांग. त्यावरून मला कळेल, आज तुझा दिवस कसा गेला.

तुझी,
आत्या